करवंदीतलं जांभूळ

"मग टेकडी माझ्या हाती कधी देणार, बुवा?"

यामिनी हे तिसऱ्यांदा विचारत होती. वनस्पतिशास्त्राची पदवी घेऊन ती मठात आली, त्याला चार वर्षं झाली होती. मठामागच्या उघड्या टेकडीवर तिने दोनशे रोपं लावली. पाणी वाहून खांद्याला घट्टे पडले. गावच्या शेळ्यांनी ती रोपं एकेक करून फस्त केली. तरी टेकडी हिरवी करू तर आपणच, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती.

ऐंशी ओलांडलेल्या सोमगिरीबुवांना मात्र कसली म्हणून घाई नव्हती. म्हाताऱ्यांना दिवस मोठे मिळतात, असं यामिनीचं मत होतं.

बुवांनी सुपारी कातरली.

"तीन उन्हाळे काढलेलं एक झाड दाखव. टेकडी तुझी."

एवढंच? ती कोयता घेऊन निघाली.

चार दिवस तिने टेकडी पालथी घातली. पाचव्या दिवशी करवंदीच्या दाट जाळीत सापडलं. छातीएवढं जांभूळ, तुकतुकीत पानांचं. तिने लावलेलं नव्हतं. कुण्या पाखराने बी टाकलं असावं. बिचारं काट्यांत गुदमरलं होतं.

दिवसभर तिने कोयता चालवला. हात रक्ताळले. छाटलेली जाळी दूर ओढून तिने पेटवून दिली. संध्याकाळी जांभूळ मोकळ्यावर उभं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बुवांना हाताला धरून वर घेऊन आली. ऊन, हवा, मुळांची चढाओढ, सगळं तिने वाटेत त्यांना समजावून सांगितलं. बुवा हूं हूं करत चढत राहिले.

वर आल्यावर त्यांनी जांभळाकडे पाहिलं. मग पलीकडच्या राखेकडे...

"तिथं काय होतं, मास्तरीणबाई?"

"करवंद. नुसते काटे. काही कामाचे नव्हते."

"असं... मग शेळ्यांना हे जांभूळ तीन वर्षं दिसलं नाही वाटतं?"

यामिनीने वळून राखेकडे पाहिलं.



खालून घुंगरं ऐकू आली. कळप रोजच्या वाटेने वर चढत होता.

बुवांनी काठी बाजूला ठेवली, धोतर सावरलं आणि उताराकडे तोंड करून जांभळाला खेटून मांडी घातली.

"बुवा, उठा. करवंदी पुन्हा एवढी वाढायला तीन-चार वर्षं लागतील."

"लागतील की."

पहिली शेळी जवळ आली. बुवांनी तिच्या नाकावर हलकेच टिचकी मारली. ती वळसा घालून मागच्या अंगाला निघाली.



"आणि टेकडी?" तिने विचारलं.

बुवांनी मान वळवली नाही.

"या बाजूला मी आहे. त्या बाजूला कुणी नाही."