तीर्थाची कुंडी

"कंदच किडका दिला होता का हो, बाबा?"

गुरूला असं तोंडावर विचारायला छाती लागते. रेवणनाथाला ती होतीच. मठात त्याच्याइतका कडक नेम कुणाचा नव्हता, आणि ही गोष्ट इतरांच्या आधी त्यालाच ठाऊक होती.

आज मात्र त्याचा जीव टांगणीला लागला होता. डोंगराखालच्या पिंपळधऱ्याची माणसं जीप घेऊन आली होती. गावात नवा मठ बांधून तयार होता, आणि गादीवर त्यांना रेवणनाथच हवा होता. त्यालाही जायचंच होतं.

अडलं होतं ते एका कुंडीपाशी.

दिवाळी झाल्यावर धुंडीबाबांनी भुईचाफ्याचा पानांसकट कंद लावलेली कुंडी त्याच्या खोलीत, खिडकीत आणून ठेवली होती. म्हणाले होते, "चैत्रात ही दाखव मला. मग तुझ्या जाण्याचं बोलू."

चैत्र आला. बाबांच्या खोलीतल्या कुंडीत, एकही पान नसताना, थेट मातीतून पांढरी-जांभळी फुलं वर आली होती. रेवणनाथाच्या कुंडीत नुसता चिखल होता.

बाबांनी ती कुंडी जमिनीवर उपडी केली. माती चाचपून एक काळा, लिबलिबीत गोळा काढला आणि त्याच्या तळहातावर ठेवला. घाण वास सुटला.

"पाणी किती घालत होतास?"

"पाणी नाही, बाबा. पादुकांवरचं तीर्थ. रोज सकाळी. एक दिवस खंड पडू दिला नाही."

"पानं वाळून गेल्यावरसुद्धा?"

"तेव्हा तर जास्तच. मरतोय असं वाटलं."

"मरत नव्हता. झोपला होता."

"पण तीर्थ होतं ते!"

"हे कंदाला कोण सांगणार?"

रेवणनाथाला राग आला. एवढ्या नेमाचं हेच फळ?

बाबा खिडकीतून खाली बघत होते. जिपेशेजारी पारावर एक बाई मान खाली घालून बसली होती.

"ती कोण रे?"

"पिंपळधऱ्याचीच. चांगुणाबाई. शिमग्याच्या सुमारास तिचा तरणा मुलगा गेला. तेव्हापासून बोलत नाही. मुद्दाम माझ्याकडे घेऊन आलेत तिला."

"मग?"

"सकाळपासून समजावतोय. आत्मा, देह, सगळं सांगून झालं. जेवतानाही सोडलं नाही. पण हूं की चूं नाही तिचं. आता पुन्हा जाऊन..."

तो थांबला.

हातातल्या गोळ्याकडे बघत राहिला...

खाली कुणीतरी बाईला पाण्याचा तांब्या दिला. तिने तो न पिताच बाजूला ठेवला.

"बाबा," रेवणनाथ म्हणाला. "कंद चांगला होता. मीच कुजवला."



रेवणनाथाला फार वाईट वाटलं. कंदाचं, आणि त्याहून त्या बाईचं. तो उठला.

"सांगून येतो त्यांना. जीप रिकामीच परत न्या म्हणून."

"रिकामी कशाला? तू निघतोयस ना?"

"मी? पण कुंडी कुठं फुलली, बाबा!"

बाबा सांडलेली माती ओंजळीने पुन्हा कुंडीत भरत होते.

"फुलली असती, तर तुला पाठवलं नसतं."