इवलीच्या दारात बोळा

ऐका हं. जवळ सरका. हळू बोला. गोष्टीत मांजर आहे.

आमच्या खिडकीसमोर मुबारकचाचांचं दुकान. मोटारसायकलच्या सीट शिवायचं.

एके सकाळी दिगूमामा आले. फट्‌फट्‌फट्. मागे शेवंताआत्या. आणि सीटच्या आत इवली.

इवली म्हणजे इवलीशी उंदरी. सीटला डावीकडे एक भोक. भोकाच्या आत स्पंज. स्पंजात इवलीचं घर. घरात तीन पिल्लं. अजून डोळेसुद्धा न उघडलेली.

आत्या म्हणाली, "मुबारकभाई, ही सीट टोचते. बाजाराला जाऊन येईपर्यंत कंबर राहत नाही."

चाचा म्हणाले, "टोचणारच. ही सीट दोन्हीकडे पाय टाकणाऱ्यांची. तुम्ही साडीत, एका बाजूला बसता. बसा बघू रोजच्यासारख्या."

आत्या बसली. चाचांनी खडूने तिच्याभोवती रेघ ओढली. रेघ सगळी डावीकडे. भोकही नेमकं डावीकडे.

आत्याने बिस्किट खाल्लं. चुरा खाली पडला. इवली हळूच उतरली. कुरूकुरू, कुरूकुरू.

वर चाचा मामांना म्हणाले, "सीट फाडू. जुना स्पंज बाहेर काढू. मग मनीला..."

फट्‌फट्‌फट्. शेजारून दुसरी गाडी गेली. पुढचं ऐकूच आलं नाही.

मनी म्हणजे दुकानातली मांजर.

मनीला काय? मनीला पिल्लं?

इवली पळाली. वर चढली. तर भोकच नाही. भोकात बोळा. चिंध्यांचा बोळा. गच्च.

आत पिल्लं. वर आत्या. बाहेर इवली.

आत्या हलली. सीट दबली. कर्र. आतून बारीक आवाज आला. चीं.

इवली मनात म्हणाली, "पिल्लांचं नाव घ्यायचं नाही. मनीचे कान मोठे."

मग ती बोळ्याला म्हणाली,

"दार माझं बंद.
काय करू, कसं करू?
कुणी सांगेल का मला?"

बोळा म्हणाला, "मामांनी मला कोंबलं. मामा ओढतील, तर मी निघेन."

तुरुतुरु, तुरुतुरु. इवली निघाली. छाती धकधक, धकधक.

मामा नळावर हात धूत होते. केवढे मोठे बूट. इवली बुटापासून लांब उभी राहिली.

"दार माझं बंद.
बोळा निघेना.
काय करू, कसं करू?
कुणी सांगेल का मला?"

मामा म्हणाले, "बोळा काढला तर आत्याला टोचेल. मग दिवसभर मलाच ऐकावं लागेल. आत्या उतरेल, तर मी ओढेन."

तुरुतुरु, तुरुतुरु. इवली निघाली. छाती धकधक, धकधक.

आत्या सीटवर चहा पीत होती. पाय हलवत होती. पाय इकडे, पाय तिकडे. इवली अंग चोरून उभी राहिली.

"दार माझं बंद.
बोळा निघेना.
मामा ओढेनात.
काय करू, कसं करू?
कुणी सांगेल का मला?"

आत्या म्हणाली, "चढले, उतरले, पुन्हा चढले. माझे गुडघे काय भाड्याचे आहेत का? चाचा नवा स्पंज आणतील, तर मी उतरेन."

सीट दबली. कर्र. आतून आवाज आला. चीं.

तुरुतुरु, तुरुतुरु. इवली निघाली. छाती धकधक, धकधक.

चाचा दुकानात बसले होते. हातात कात्री. लांब कात्री. कच्च, कच्च. इवलीने शेपटी पोटाशी धरली.

"दार माझं बंद.
बोळा निघेना.
मामा ओढेनात.
आत्या उतरेना.
काय करू, कसं करू?
कुणी सांगेल का मला?"

चाचा म्हणाले, "नवा स्पंज आतल्या खोलीत आहे. पण त्यावर मनी झोपली आहे. उठवायला गेलो, तर हे बघ."

चाचांनी हात दाखवला. हातावर तीन लाल रेघा.

"मनी उठेल, तर मी स्पंज आणेन."

इवली हलेना. मनीकडे जायचं? मनीकडे?

सीट दबली. कर्र. चीं.

तुरुतुरु. इवली थांबली. तुरु. पुन्हा थांबली. छाती धकधक, धकधक, धकधक.

आतली खोली अंधारी. खोलीत नवा स्पंज. पिवळा, जाड, मऊ. स्पंजावर मनी. घुर्र, घुर्र. एक मिशी हलली.

इवली दाराआडूनच बोलली. अगदी हळू.

"दार माझं बंद.
बोळा निघेना.
मामा ओढेनात.
आत्या उतरेना.
चाचा आणेनात.
काय करू, कसं करू?
कुणी सांगेल का मला?"

मनीने डोळे उघडले नाहीत.

"मी झोपेत बोलते आहे," मनी म्हणाली. "जागी असते, तर बोलले नसते. खाल्लं असतं."

इवली दाराला आणखी चिकटली.

"तुझ्या अंगाला दुधाचा वास येतो गं. घरात कोण आहे?"

"कोणी नाही," इवली म्हणाली.

"बरं. हॉर्न वाजेल, तर मी उठेन. एरवी मला कोणी उठवू शकत नाही. घुर्र."

इवली उलटी उलटी सरकली. मग पळाली. तुरुतुरु, तुरुतुरु. छाती धकधक, धकधक.

हॉर्नचं बटण हँडलवर. हँडल उंच. इवली चाकावरून चढली. तारेवरून चढली. खाली पाहिलंच नाही.

"दार माझं बंद.
बोळा निघेना.
मामा ओढेनात.
आत्या उतरेना.
चाचा आणेनात.
मनी उठेना.
काय करू, कसं करू?
कुणी सांगेल का मला?"

हॉर्न म्हणाला, "किल्ली लावलेली आहे. बटण दाबशील, तर मी वाजेन."

"मी? मी तर एवढीशी."

"मग कोण दाबणार? इथे तूच आहेस."

इवलीने पाय ठेवला. टुक. काही नाही.

इवलीने उडी मारली. पिं. मनी उठेल एवढा मोठा आवाज नाही.

मनी उठली आणि इकडेच आली तर? इवलीने डोळे मिटले. डोळे मिटले की पिल्लंच दिसत होती.

इवली आरशावर चढली. सगळ्यात वर. आणि तिथून उडी मारली.

धप्प.

पोंऽऽऽऽऽ.

मनी उठली. फिस्स करून पत्र्यावर पळाली. धाडधाड, धाडधाड.

मनी उठली, तसा चाचांनी स्पंज आणला.
स्पंज आला, तशी आत्या उतरली.
आत्या उतरली, तसा मामांनी बोळा ओढला.
बोळा निघाला. फुस्स.
दार उघडलं.

इवली आत घुसली.

बाहेर चाचांनी कात्री उचलली. कच्च.

"थांबा मुबारकभाई," आत्या म्हणाली. "आत शेपूट हलतंय."

कात्री थांबली. सगळे वाकून बघू लागले.

इवली बाहेर आली. तोंडात एक पिल्लू. गुलाबी. बोटाच्या पेराएवढं. तिने ते चाचांच्या दुकानात भिंतीच्या फटीत ठेवलं. परत आली. दुसरं पिल्लू नेलं. परत आली.

पत्र्यावर पाऊल वाजलं. ठक. मनी खाली बघत होती. मनी आता जागी होती.

इवली मधोमध थांबली. तोंडात तिसरं पिल्लू. फट अजून लांब.

मनी उतरली. ठक, ठक. मान खाली. शेपूट ताठ.

आत्याने चहाचा कप खाली ठेवला. दोन पावलं टाकली. मनी आणि इवली यांच्या मधे उभी राहिली. साडी पसरून.

"मने," आत्या म्हणाली, "मी इथून हलत नाही. माझे गुडघे दुखताहेत, तरी हलत नाही."

मनी डावीकडे गेली. आत्या डावीकडे. मनी उजवीकडे गेली. आत्या उजवीकडे.

तुरुतुरु, तुरुतुरु. तिसरं पिल्लू फटीत.

एक. दोन. तीन. इवलीने पुन्हा मोजलं. एक. दोन. तीन.

आत्या फटीशी वाकली. "म्हणजे सीट पोखरणारी तू होय गं? माझ्याच बसायच्या जागेत घर. छान."

इवलीने फक्त नाक बाहेर काढलं. "तिथे मऊ होतं," ती म्हणाली.

"ते तुझ्यापुरतं मऊ होतं बाई."

मामा हसले. चाचाही हसले. मग कात्री चालली. कच्च, कच्च, कच्च. जुना स्पंज बाहेर. नवा स्पंज आत. खडूची रेघ होती, तिथे डावीकडे जाड थर. वर रेक्झिन. सुई खाली, सुई वर. टाका, टाका, टाका.

आत्या बसली. एका बाजूला, रोजच्यासारखी.

"टोचतं का?" मामांनी विचारलं.

आत्या थोडी हलली. इकडे. तिकडे.

"नाही दिग्या. चल आता, उशीर झाला."

फट्‌फट्‌फट्. गेली मोटारसायकल.

चाचांनी जुना स्पंज कापला. मोठा तुकडा वरच्या फळीवर टाकला. त्यावर मनी चढली. लहान तुकडा भिंतीच्या फटीत सारला. आणि मनीला शिरता येणार नाही, अशी एक फळी फटीपुढे ठोकली. ठक ठक ठक. इवलीपुरती वाट ठेवली.

म्हणजे चाचा म्हणाले तशी सीट फाडली, ते खरं. जुना स्पंज काढला, ते खरं. मनीला दिला, तेही खरं. पण सगळा नाही.

उरलेल्या तुकड्यावर तीन पिल्लं झोपली आहेत. त्यांची आई त्यांच्या भोवती गोल. आणि तिची छाती आता अगदी हळू चालते आहे. धक. धक. धक.