शंभरावा माणूस

फार पूर्वी, डोंगरांच्या कुशीत एक लहानसं राज्य होतं. जमीन तेवढीच, विहिरी तेवढ्याच. माणसं मात्र दरवर्षी वाढत होती. राजाला काळजी वाटू लागली.

राजवैद्याने एक काढा तयार केला. तो एकदा प्यायला की पुढे मूल होत नसे. राजाने हुकूम काढला, "ज्यांना दोन मुलं आहेत, त्यांना हा काढा द्या. प्रत्येक कारभाऱ्याने वर्षभरात शंभर माणसं पुरी करावीत. नाही केली, तर त्याची कारभारकी जाईल."

एका खोऱ्याचा कारभारी कामाला मोठा वाघ होता. तो गावोगाव फिरला. कुणी राजीखुशीने काढा प्यायले, कुणी त्याच्या धाकाने. वर्षाचा शेवटचा दिवस उजाडला तेव्हा नव्व्याण्णव माणसं झाली होती.

त्या सकाळी सिदा नावाचा तरुण मेंढपाळ त्याच्या दारी आला. लग्नाला जेमतेम महिना झालेला. अंग तापाने फणफणत होतं.

"कारभारी, राजवैद्याचं कायतरी औषध द्या. उद्या मेंढरं घेऊन निघायचंय."

कारभाऱ्याने जरा इकडेतिकडे पाहिलं. मग तोच काढा पेल्यात ओतून पुढे केला. "घे. बरं वाटेल."

सिदाने तो एका दमात पिऊन टाकला आणि वर कारभाऱ्याला हात जोडले.

दरबारात कारभाऱ्याचा मोठा सत्कार झाला.

सहा वर्षं गेली. एके दिवशी सिदा आणि त्याची बायको ठकू कारभाऱ्याकडे आली. सिदाने स्वतः विणलेली घोंगडी भेट म्हणून त्याच्यापुढे ठेवली.

"आमच्या घरात अजून पाळणा हलला नाही," तो म्हणाला. "सगळे देव करून झाले. लोक हिला वांझ म्हणतात, ओटी भरायला बोलवत नाहीत. तुमच्या हाताचा मला एकदा गुण आला होता. आशीर्वाद द्या."

ठकू पाया पडायला वाकली. कारभाऱ्याने चटका बसावा तसे पाय मागे घेतले.

"नको, पोरी. माझ्या पाया पडू नकोस."

आणि खाली मान घालून त्याने सगळं सांगितलं.

ठकू म्हणाली, "सहा वर्षं मी स्वतःलाच दोष देत होते."

सिदाने घोंगडी उचलली. दोघं निघून गेली.

दुसऱ्याच दिवशी कारभाऱ्याने दरबारात आपला गुन्हा कबूल केला. राजाने विचारलं, "पण माणसं वाढतायत, त्याचं काय करायचं?"

"तेही खरंच आहे, महाराज. पण समजावून सांगावं आणि समोरचा काय म्हणतो ते ऐकावं. मी तर त्याला विचारलंच नाही. मला फक्त एक माणूस कमी दिसत होता."

राजाने शंभराचा हुकूम मागे घेतला. कारभाऱ्याने कारभारकी सोडली. मग तो खोऱ्यातल्या प्रत्येक गावच्या पारावर उभा राहिला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "ठकू वांझ नाही. पाप माझं आहे." कुणी त्याला शिव्या घातल्या, कुणी उठून गेलं. त्याने मान वर केली नाही.

ठकूला पुन्हा बोलावणी येऊ लागली. पाळणा मात्र त्या घरात कधीच हलला नाही.

तात्पर्य: हेतू कितीही चांगला असो, माणसाला न विचारता त्याच्या आयुष्याचा निर्णय घेतला, तर मागाहून नुसती लाज उरते, गेलेलं परत येत नाही.