दोर विहिरीत, घंटा वर

नगरकडच्या उजाड माळावर खडकेवाडी नावाचं गाव आहे. तिथल्या लहानशा ख्रिस्तमंदिराच्या ओसरीवर याकोबबाबा राहत असत. अंगावर जाडी कफनी, गळ्यात बाभळीचा क्रूस, आणि बोलणं इतकं हळू की ऐकायला जवळ बसावं लागे. बाळांनो, तुम्हीही जरा जवळ सरका.

मंदिर झाडायला तबीथाबाई येई. एकटी विधवा, लिहिता-वाचता न येणारी. तिला एकच ओढ होती: प्रभूने आपल्याला हाक मारावी, आपलं काम सांगावं. झाडून झालं की ती गुडघे टेकी आणि विचारी, "प्रभू, मी कशासाठी?" सात वर्षं ती विचारत होती. केवढी ती तळमळ! पण उत्तर येत नव्हतं.

मंदिरात जमणाऱ्या ख्रिस्ती मंडळीचे कारभारी शमुवेलराव हसत. "केरसुणीवालीला देव हाक मारणार! मग आम्ही काय नुसती बाकं अडवायला बसलोय?"

एकदा तबीथा ओसरीवर येऊन रडली. "बाबा, तुम्हाला त्यानं बोलावलं. मला का नाही?"

बाबांनी विचारलं, "प्रार्थना कशी करतेस, बाई?"

"डोळे घट्ट मिटून. लहानपणी एकदा उघडले, तर आईनं चापट मारली होती."

बाबांना हसू आलं. "आता आई नाही मारायला. उद्या उघडे ठेव."

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, दुपारच्या प्रार्थनेला सगळ्यांनी डोळे मिटले. तबीथेनं भीतभीत उघडले. दारातून रस्ता दिसला. दगडखाणीवरच्या बाया दोन कोसांवरच्या झऱ्याचं पाणी घेऊन चालल्या होत्या. त्या रोज याच वेळी जात, आणि रोज याच वेळी मंदिरात सगळ्यांचे डोळे मिटलेले असत! त्यांच्यातली यल्लूबाई, दिवस भरत आलेली, दारासमोरच कोसळली. घागर फुटली.

तबीथा धावली. अंगणात मंदिराची विहीर होती. पण खाणवाले परके, त्यांनी पाणी नेऊ नये म्हणून विहिरीचा दोर शमुवेलरावांनी घरी नेऊन ठेवला होता. तबीथेनं घंटेचा लांब दोर हिसडून काढला, पोहऱ्याला बांधला आणि पाणी शेंदलं.

पाणी पिऊन यल्लूबाई म्हणाली, "आक्का, उद्या पण देशील का गं? खाणीवर जायच्या आधी, पहाटेच येऊ आम्ही."

तबीथेनं पोहरा खाली ठेवला. सात वर्षं जिच्यासाठी कान लावले होते, ती हाक तिनं ओळखली. "देईन," ती म्हणाली. "सगळ्यांना देईन."

शमुवेलराव कडाडले, "उद्या रविवार! सूर्य उगवताना घंटा वाजली पाहिजे. दोर जागेवर नसेल, तर मंडळीत तुझं नाव राहणार नाही!"

तबीथेला मंडळीवाचून कुणी नव्हतं. ती बाबांकडे गेली. सगळं ऐकून बाबा एवढंच म्हणाले, "तिला काय कबूल केलंस?"

"देईन म्हणाले."

"मग?"

पहाटे विहिरीवर चाळीस घागरींची रांग लागली. तबीथा पोहरे ओढत राहिली. तळहात सोलवटले. सूर्य वर आला, तसे शमुवेलराव तरातरा आले. "दोर कुठंय?"

"विहिरीत, दादा. अजून तीस घागरी राहिल्यात. नाव काढायचं तर काढा."

तेवढ्यात घंटा वाजली!

शमुवेलरावांनी वर पाहिलं. शिडी नव्हती, माणूस नव्हता, वाऱ्याची झुळूकही नव्हती. बिनदोराची घंटा आपोआप डोलत होती, आणि तिचा नाद साऱ्या माळावर पसरत होता. मंडळी धावत आली आणि त्या बायांच्या रांगेपाशी थबकली.

शमुवेलराव ओसरीवर जाऊन बाबांच्या पायांशी वाकले. बाबा मागे सरले. "माझ्यापुढे कशाला? ही हाक मला नव्हती."

मग तो ताठ माणूस पागोटं काढून तबीथेपुढे वाकला. ती बिचारी अवघडून गेली.

"उठा हो दादा," ती म्हणाली. "वाकायचंच तर इकडं या. पोहरा जड झालाय."

शमुवेलराव उठले, विहिरीवर वाकले आणि त्यांनी दोर हाती घेतला.