ठकूचा हात

फार वर्षं झाली या गोष्टीला. पारावर आज जे म्हातारे बसून खोकतात, त्यांचे खापरपणजे तेव्हा तिथंच बसून खोकत होते. त्या काळी आंबेखोलीत, अगदी डोंगराच्या कुशीत, ठकू नावाची बाई राहायची. डोंगराचं सगळं पाणी तिच्या परसात उतरायचं आणि घराच्या मागच्या मातीच्या भिंतीवर आदळायचं. त्याच भिंतीला लागून तिची पांगळी लेक मैनी निजायची. भिंत बसली तर मैनीला उठून पळता येणार नव्हतं.

म्हणून ठकूनं भर उन्हाळ्यात परसात ओढा खणला. वाकडातिकडा, घराला वळसा घालून नदीकडे जाणारा. नदीतले गोटे डोक्यावरून आणून बसवले. थोरले काठाला, बारके तळाला. जो गोटा तिला उचलेना तो आपणहून तिच्या मागं चालत आला, असं म्हणतात.

पारावरून भिकू गुरव बघायला आला. "ठके, ह्यात पाणी कुठंय गं?"

"येईल की."

"पाण्याबिगर ओढा म्हणजे नवरदेवाबिगर वरात! अवदसा आणलीस दारात."

ठकूला कळेना. उन्हात घर शाकारताना कुणी विचारत नाही, पाऊस कुठंय म्हणून. मग ओढ्यालाच का?

आधीच्या सरी मातीतच मुरल्या, मग हस्ताचा पाऊस आला. डोंगर विरघळल्यासारखं पाणी सुटलं. परसाच्या तोंडाशी ते थबकलं, त्यानं गोटे हुंगले आणि गोठा ओळखणाऱ्या म्हशीसारखी मान वळवून ते ओढ्यात शिरलं, असं म्हणतात. मैनी दुपारची निजली होती, ती उठलीसुद्धा नाही.

पाऊस उघडला तशी ठकू परसात आली, तर प्रत्येक गोट्याला शेंदूर! सगळा पार हात जोडून उभा.

"आई, चुकलं आमचं," गुरव म्हणाला.

आई कोण, म्हणून ठकूनं मागं वळून पाहिलं. मागं कुणीच नव्हतं.

"गुरवकाका, गोटे हायेत ते. गाळ बसलाय, काढून धुवायचेत."

"शेंदूर लागला की देव झाला. आता हलवायचा नाही."

ठकू गोंधळली. यातल्याच एकावर तिचा अंगठा ठेचला होता, तेव्हा हा देव होता का? असेलही, म्हणून तिनंही हात जोडले. ओढा गाळानं भरत गेला.

पुढच्या हस्ताला पाणी आलं, त्याला वाट सापडेना, ते भिंतीशी चढलं. मैनीच्या वाकळेवर मातीचं ढेकूळ पडलं. बाहेर पारावरची मंडळी भिजत आरती म्हणत होती. फावडं एकाच्याही हातात नव्हतं.

ठकूला अजून उमगलं नव्हतं. तरी ती वाकली आणि म्हणाली, "देव असशील तर समजून घे. दगड असशील तर ऊठ."

"हात झडतील, ठके!" गुरव ओरडला.

तिनं उचलला. मग दुसरा, मग तिसरा, तसा अडलेला गाळ सुटला. पाणी लालभडक होऊन नदीला गेलं आणि भिंत उभीच राहिली. ठकूचे हात काही झडले नाहीत. लाल मात्र झाले, ते मरेपर्यंत तसेच राहिले, असं म्हणतात.

आजही हस्त लागायच्या आधी आंबेखोलीतल्या बाया आपापल्या परसातले ओढे उपसतात. त्याला 'ठकूचा हात' म्हणतात. ही चाल आमच्या वाडवडलांनी पाडली, असं पारावरचे म्हातारे सांगतात. बाया वाद घालत नाहीत. पदर खोचतात आणि शेंदूर लागलेला गोटा दिसला की आधी तोच उचलतात.