मधला चेहरा

“घरातसुद्धा माझी मृणाल तोंडावरची ओढणी सोडत नाही, उस्ताद. जेवते तीही भिंतीकडे तोंड करून. तुम्ही एकदा बोलाल तिच्याशी?”

मिरजेतल्या बंद पडलेल्या फोटो स्टुडिओत श्रीनिवास मगदूम उभा होता. तीस वर्षांपूर्वी इथेच, हमीद शिकलगारांच्या हाताखाली, तो निगेटिव्हवर पेन्सिलीने टचिंग करायला, म्हणजे चेहऱ्यावरचे डाग झाकायला, शिकला. आता पुण्यात त्याची जाहिरात कंपनी होती.

म्हाताऱ्या उस्तादांनी चष्मा पुसला. “मृणालला झालंय काय?”

“काही नाही हो. माझ्या जाहिरातीत तिचा फोटो आहे. गोरं करणारं क्रीम. बक्षीस मिळालं त्या जाहिरातीला!”

“बोर्ड लागलेत कुठे?”

“सगळीकडे.” मग जरा हळू, “तिच्या कॉलेजसमोरही.”

त्याने फोन पुढे धरला. दोन चेहरे. एकाखाली ‘आधी’, दुसऱ्याखाली ‘नंतर’. वर मोठ्या अक्षरांत, ‘तू सुंदर आहेस, जगाला कळू दे!’

“यातली मृणाल कुठली?”

“दोन्ही. डावीकडे जरा काळी केली, मुरमं घातली. उजवीकडे उजळली, सगळं काढलं.”

“आणि आहे तशी?”

“तो फोटो क्रीमच्या कंपनीला दाखवला होता. म्हणाले, यात विकण्यासारखं काही नाही.”

“पोटच्या पोरीबद्दल हे ऐकलंस... आणि बसून राहिलास?”

“धंदा आहे, उस्ताद.”

“ती हो म्हणाली होती?”

“वाढदिवसाचा फोटो होता. घरच्या मुलीला काय विचारायचं?”

उस्तादांनी फोन बाजूला सारला.

“लग्नाच्या मुलींचे फोटो तुम्हीही टच करायचात की!” श्रीनिवास उसळला.

“करायचो. पेन्सिल लावण्याआधी काय करायचो? सांग ना. तू शेजारी बसायचास.”

“विचारायचात... एकेका डागावर बोट ठेवून. हे कसं झालं, बेटी?”

“मग?”

“त्या सांगायच्या. आणि निम्म्याजणी म्हणायच्या, राहू द्या चाचा, असू दे ते.”

“मृणालच्या चेहऱ्यावर खुणा किती?”

“तीन.” उत्तर तडक आलं. “डाव्या भुवईत व्रण, हनुवटीवर तीळ, कानाजवळ कांजिण्यांचा खड्डा.”

“व्रण कशाचा?”

श्रीनिवासने फोन खिशात टाकला.

“हाताएवढा मोठा करून पाहिलास स्क्रीनवर. पुसलास. कशाचा होता?”

फोटोसाठी गिऱ्हाइकाला बसवायचं लाकडी स्टूल कोपऱ्यात होतं. उस्तादांनी ते पायाने पुढे ढकललं.

“याच्यावरून पडली. सहा वर्षांची. ईदला आला होतात तुम्ही. तू बाहेर फोनवर होतास. टाके घालताना तिने माझं बोट धरलं होतं.”

“चुकलं माझं. पण तुम्ही चला, उस्ताद. तुमचं ऐकेल ती. सांगा तिला, ती सुंदर आहे.”

“ते तुझ्या बोर्डावर लिहिलंय.”

उस्तादांनी खिशातून टोक काढलेली पेन्सिल काढली. स्टुलावर ठेवली.

“हे दोन्ही घेऊन जा. स्टुलावर तू बस. पेन्सिल तिच्या हातात दे. या वेळी तुझ्या डागांवर बोट ठेवून ती विचारेल.”