पट्टा थांबला तो दिवस

आज त्या साखर कारखान्यात गवत वाढलंय. पण तिथली चिमणी धूर ओकत होती आणि तारांनाही बोलता येत होतं, त्या काळातली ही गोष्ट.

ऊस वाहून नेणाऱ्या पट्ट्याशेजारून दोन केबल गेल्या होत्या. जाड केबल मोटरला वीज पुरवायची. बारीक कंट्रोल केबल बटणाचा हुकूम स्विचपर्यंत पोचवायची.

"माझ्यामुळे पट्टा फिरतो, आणि तू मला सारखी अडवतेस," जाड केबल कुरकुरायची.

"मला सांगतात तेवढंच मी पोचवते," बारीक केबल म्हणायची.

एका हंगामात ऊस सारताना कामगार सुलाबाईंचा पदर पट्ट्यात अडकला. "भिकोबा, बंद करा," त्या ओरडल्या. बटणापाशी उभ्या असलेल्या भिकोबांनी लाल बटण दाबलं. बारीक केबलने हुकूम पोचवला, जाड केबलची वीज तुटली आणि पट्टा थांबला. सुलाबाई फाटका पदर छातीशी धरून मटकन खाली बसल्या.

पुढे कारखाना बंद पडला. दोघी गोदामात शेजारी शेजारी वेटोळं करून पडल्या.

"इतकी वर्षं पट्टा फिरवला," एकदा जाड केबल म्हणाली, "पण आठवतो तो, तू मला थांबवलंस तोच दिवस."